पांढऱ्या कापडांचा डबा

बायको घरात नसताना निवृत्त माणसाने तिच्या कपाटाला हात लावू नये, असा एक सेवानियम असायला हवा होता. असता, तर अर्जुन गजभिये यांनी तो डोळे झाकून पाळला असता. दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या रेकॉर्ड विभागात त्यांची हयात गेली होती आणि नियम मोडल्याचा एकही शेरा त्यांच्या नावावर नव्हता. पण तसा नियम नव्हता, हाताशी वेळ मात्र रगड होता, आणि क्रांती नोएडाला गेली होती.

क्रांती नोएडाला गेली होती, कारण लुंबिनीचे दिवस भरत आले होते. लुंबिनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. इथे मुलगी माहेरी येईना म्हणून माहेरच उठून मुलीकडे गेलं होतं, तेही अर्धंच. उरलेलं अर्धं माहेर गुडगावच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये एकटंच येरझाऱ्या घालत होतं.

अर्जुनरावांच्या पायाला भिंगरी लागली होती. बाल्कनीत जायचे, समोरच्या टॉवरच्या काचा बघायचे, आत यायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. लिफ्टने खाली जाऊन सोसायटीच्या बागेला फेरी मारायचे आणि फोन वर राहिला की काय, म्हणून निम्म्यातून परत यायचे. फोन खिशातच असायचा. रोज संध्याकाळी क्रांतीचा फोन आला की ते विचारायचे, "जेवलीस का?" आणि गप्प बसायचे. मग क्रांती न विचारता सगळं सांगायची: आज पाय सुजलेत, आज डॉक्टर काय म्हणाली, आज तिला भाकरी-झुणका खावासा वाटला. ते नुसतं "हं" म्हणायचे. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ सुजलेल्या पायांचा विचार करत बसायचे.

जायला त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं. अडचण त्यांच्या स्वतःच्याच शब्दाची होती.

लुंबिनी लग्नाआधी दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहून कलेक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची. एकदा तर पोरगी मुलाखतीपर्यंत जाऊन आली. अर्जुनरावांनी आयुष्यभर ज्या सह्यांच्या फायली सांभाळल्या, तशी सही आपल्या मुलीची व्हावी, हे त्यांचं एकच स्वप्न होतं. आणि एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "पप्पा, बस झालं. माझ्याच्याने आता होत नाही. मी परीक्षा सोडतेय, आणि मी आणि हितेश लग्न करतोय." हितेश वर्ध्याचा. त्यानेही परीक्षा सोडून शिकवण्या सुरू केल्या होत्या. मुलगा आपल्याच समाजातला, सज्जन, नाकीडोळी नीटस. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट नव्हती म्हणूनच की काय, अर्जुनराव जास्त भडकले. "एक प्रयत्न शिल्लक असताना सोडतेस? तर मग त्या लग्नात मी दिसणार नाही," असं बोलून गेले.

बोलून गेले आणि अडकले. शब्दाचा पक्का माणूस म्हणून सगळ्या समाजात त्यांचं नाव. तो पक्केपणा नेमका घरातच नडला. लग्नाच्या दिवशी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच बाहेर पडले आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या उपाहारगृहात दिवसभर बसून राहिले. थाळी मागवली, ती नीट खाल्लीही नाही. घरी परतले तेव्हा क्रांती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. तिने काही सांगितलं नाही, यांनी काही विचारलं नाही. फोनवर फोटो येऊन पडले होते, ते त्यांनी न उघडताच पुसून टाकले. दोन वर्षं होऊन गेली त्याला. त्यानंतर बापलेकीचं बोलणं झालं नाही.

तर असा हा माणूस, जीव नोएडाला आणि बूड गुडगावला, काय करणार? त्याने कपाट उघडलं.

बिल्डर ज्याला 'स्टडी' म्हणतो, त्या कोनाड्याएवढ्या खोलीत क्रांतीचं शिवणाचं मशीन होतं आणि तिच्या सामानाचं कपाट. दिल्लीत विदर्भ-मराठवाड्याकडच्या ओळखीच्या बौद्ध कुटुंबांत लग्न ठरलं, की पहिला फोन हॉलवाल्याला जायचा आणि दुसरा क्रांतीला. आपल्याकडे नवरी पांढऱ्या साडीत, नवराही पांढऱ्यात. ब्लाउज शिवणं, साडीला लेस लावणं, नवऱ्याच्या कुर्त्यावर बारीक भरतकाम, स्टेजवरच्या बुद्धमूर्तीमागची कापडी कमळं, हे सगळं क्रांतीकडे. पैसे ती फक्त सामानाचे घ्यायची. त्यामुळे त्या कपाटात सुया-दोरे, मणी, टिकल्या, लेस, गोटा, सॅटिनच्या रिबिनी, कमळांसाठीची तार आणि कागदाचे ताव असं काय नव्हतं ते विचारा.

आणि त्यात उशीच्या जुन्या अभ्र्यांची गाठोडी होती. एकावर एक चढवलेली, प्रत्येक नाडीने बांधलेलं. अर्जुनरावांनी एक सोडलं. आत पांढरं कापड, थोडी लेस, मूठभर मणी, चार हूक, दोऱ्याचं अर्धं रीळ, सगळं एकत्र. दुसरं सोडलं, तीच तऱ्हा. तिसरं, चौथं, तेच. कापडाजवळ कापड नाही, मण्याजवळ मणी नाहीत! रेकॉर्ड विभागातला माणूस हे बघून शांत कसा बसेल? त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा उत्साह आला.

ऑनलाइन पारदर्शक डबे मागवले. ते यायच्या आतच सगळी गाठोडी जमिनीवर ओतून झाली. कापड एका डब्यात, लेस दुसऱ्यात, मणी आकाराप्रमाणे, हूक, बटणं, दोरे. प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'पांढरे कापड', 'पांढरी लेस', 'मणी, बारीक', 'नाड्या'. अभ्रे धुऊन घड्या घातल्या आणि त्यांचाही डबा केला: 'पिशव्या, रिकाम्या'. कामवाली बाई दारात उभी राहून म्हणाली, "अरे वाह अंकलजी, एकदम दुकान लग रहा है!" अर्जुनरावांची छाती फुगली.

सरकारी दफ्तरात जुन्या फायली निवडून बाद करायच्या कामाला वीडिंग म्हणतात, म्हणजे खुरपणीच ती. ते केल्याशिवाय दफ्तर लागलं असं होत नाही. तेव्हा त्यांनी खुरपणीही केली. पिवळी पडलेली अस्तरं, फॉलचे तुकडे, लेस नाही की किनार नाही असली साधीसुधी कापडं बाजूला काढून एका कॅरीबॅगेत भरली, तिच्यावर 'निरुपयोगी' अशी चिठ्ठी लावली, आणि बॅग खाली क्लबहाऊसजवळच्या कपडेदानाच्या पेटीत टाकून आले. क्रांती परत येऊन कपाट उघडेल आणि बघतच राहील, या कल्पनेने त्यांना दोन दिवस झोपही बरी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीचा फोन आला. तिची वेळ संध्याकाळची. सकाळी नाव बघून यांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"अहो, ऐका. मुलगी झाली."

अर्जुनराव खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले.

"आणि ती?"

"ती म्हणजे कोण?"

अर्जुनराव बाल्कनीच्या दारापर्यंत गेले आणि परतले.

"लुंबिनी," अर्जुनराव म्हणाले. दोन वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं.

"बरी आहे. दमलीय खूप. पोरगी मात्र टकामका बघतेय. नाक अगदी तुमचं आहे हो, यार, काय सांगू!" आनंदात क्रांतीची दिल्ली अशी मध्येच बाहेर पडायची. मग तिचा आवाज कामाचा झाला. "आता नीट ऐका. उद्या डिस्चार्ज आहे. माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात, उजवीकडे अगदी शेवटचं गाठोडं. त्यात लुंबिनीच्या लग्नातलं उरलेलं कापड आहे. मी रात्रीत झबलं शिवते, घरी नेताना बाळाच्या अंगावर तेच घालायचं."

अर्जुनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... ती गाठोडी वेगवेगळी आहेत?"

"वेगवेगळी म्हणजे काय? एक लग्न, एक गाठोडं. शिवांगीचं शिवांगीचं, उत्तराचं उत्तराचं. आईच्या लग्नातलं कापड बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागावं, म्हणून तर ठेवते ना मी इतकी वर्षं. शिवांगीच्या बाळासाठी नाही का नेलं आपण? तुम्हीच तर गाडी चालवत होता."

गाडी चालवत होते खरे. मागच्या सीटवरच्या पुड्यात काय आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"आणि उघडू नका हं. बांधलंय तसंच द्या."

"मी..." अर्जुनरावांनी सुरुवात केली. मी घेऊन येतो, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला आणि दोन वर्षांची सवय आडवी आली.

क्रांतीने थोडं थांबून पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही यायचे नाहीत, ठाऊक आहे मला. हितेशला गुडगावला क्लासवर जाऊन यायचंय, येताना संध्याकाळी तो घेऊन जाईल. घरात बोलवायचं नसेल तर दारातूनच द्या. पण द्या."

फोन ठेवला तेव्हा अर्जुनरावांना एकाच वेळी हसू आणि घाम फुटला होता. नात झाली. नाक आपलं. आणि तिच्या अंगावर घालायचं कापड आपण आपल्या हाताने वीसेक लग्नांच्या चिंध्यांमध्ये कालवून ठेवलंय, तेही चिठ्ठी लावून.

त्यांनी 'पांढरे कापड' लिहिलेला डबा हॉलमध्ये आणून पालथा केला. हिरवं-लाल असतं तर शेंबड्या पोरानेही निवडलं असतं. आपल्या लग्नांत सगळं पांढरं! ढीग बघून त्यांना भोवळ यायची बाकी राहिली. क्रांतीला फोन करून खरं सांगावं, असं एकदा वाटलं. पण ती तिकडे बाळंतिणीच्या उशाशी, तिला काय सांगणार? आणि सांगितलं तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती तरी काय करणार?

मग त्यांनी अण्णासाहेब रामटेक्यांना फोन लावला. अण्णासाहेब जुने स्नेही, शेजारच्या खात्यातून निवृत्त झालेले, आणि लुंबिनीच्या लग्नाला पहिल्या रांगेत बसलेले.

"अण्णा, लुंबिनीने लग्नात कसली साडी नेसली होती, आठवतं का?"

"पांढरी."

"ते मलाही माहीत आहे. कसली पांढरी? किनार कसली? कापड काय?"

"अर्जुन," अण्णासाहेब म्हणाले, "पोरगी तुझी, आणि साडी मी सांगू? यायचं होतं मग! तुझ्यासाठी खुर्ची ठेवून ठेवून मीच दमलो त्या दिवशी." मग त्यांचा आवाज खाली आला. "काय झालं? सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"मुलगी झाली."

"अरे वा! मंगल हो! मग तू घरात बसून साड्या कसल्या विचारतोस? जा की!"

अर्जुनरावांनी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. अण्णांचा राग आला, आणि रागवायला तोंड नाही म्हणून जास्तच आला. ते उठले, बाल्कनीत गेले, परत आले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा तेच बघत राहिले.

शेवटी जमिनीवर मांडी घालून बसले आणि एक कापड हातात घेतलं. जाडंभरडं, खरखरीत. खादी. आणि एकदम हसले. ही तर अण्णांची अहिल्या! लेकीने खादीच नेसली पाहिजे असा अण्णांनी हट्ट धरला होता, आणि ती बिचारी मे महिन्यात त्या जाड साडीत घामाने निथळत होती. पंखा तिच्याकडे वळवा म्हणून मांडववाल्याशी भांडले होते ते अर्जुनरावच. खादीचे सगळे तुकडे त्यांनी वेगळे काढले.

मग हाताला लागलं ते जाळीचं, झुळझुळीत. मयुरा. तिने साडीऐवजी घागरा घातला म्हणून मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या होत्या, आणि अर्जुनरावांनी त्यांना मुद्दाम आधी जेवायला बसवून तोंडं बंद केली होती. रुपेरी गोट्याचं सॅटिन शिवांगीचं. फोटोत नुसती चकाकी आली म्हणून फोटोग्राफर वैतागला होता. ढीगभर उरलेलं कुर्त्याचं कापड जयेशचं. त्याचं पोट बघून क्रांतीने जास्तीचं आणलं आणि लग्नापर्यंत पठ्ठ्या बारीक होऊन आला. सायीच्या रंगाचं टसर उत्तराचं. त्रिशरण सुरू असताना वीज गेली होती आणि जनरेटरची दोरी ओढून ओढून यांचा खांदा आठवडाभर दुखला होता.

जेवणाची कूपनं, बस, पंगती, जनरेटर, पाहुण्यांचं मानपान, दिल्लीतलं आपल्या लोकांचं लग्न अर्जुन गजभियांशिवाय लागतच नसे. प्रत्येक लग्नात ते शेवटचा पाहुणा जेवेपर्यंत उभे असत. एकेक कापड हातात येत होतं आणि त्याच्यामागून मांडव, माणसं, वरातीचा घोळ, रडणाऱ्या आया, सगळं जसंच्या तसं उभं राहत होतं. हॉलभर पांढरे ढीग तयार झाले, सोफ्यावर, टेबलावर, टीव्हीच्या पुढ्यात. कपाट लावताना ज्यांना हे नुसतं कापड दिसलं होतं, त्यांना आता प्रत्येक ढिगाचं नाव माहीत होतं. त्यांना मनातून बरंही वाटत होतं. ओळखत जाऊ, आणि ओळखू न येणारं जे शेवटी उरेल, तेच आपलं.

शेवटचं कापड त्यांनी उचललं. तेही ओळखीचं निघालं.

काहीच उरलं नाही. अर्जुनरावांनी डबा उलटा करून झटकला. कोपऱ्यातून एक हूक पडला, बस. लेसचा डबा बघितला, रिबिनींचा बघितला. सगळ्यांच्या मुलींची कापडं होती, त्यांच्या मुलीचं नव्हतं. ते सुन्न होऊन बसले. आणि मग आठवलं: कॅरीबॅग.

चपला उलट्यासुलट्या घालून ते लिफ्टकडे धावले. लिफ्ट येईना. जिन्याने दोन मजले उतरले, धाप लागली, पुन्हा लिफ्टचं बटण दाबलं. क्लबहाऊसजवळची पेटी जागेवर होती, पण तिला कुलूप होतं.

"भैया, ये खोलो. जल्दी," त्यांनी गार्डला सांगितलं.

"सर, चाबी तो फैसिलिटी ऑफिस में है. और एक बार डाला हुआ सामान वापस नहीं मिलता, सोसायटी का रूल है."

रूल! आयुष्यभर लोकांना रूल सांगितलेला माणूस त्या गार्डसमोर हात जोडून उभा राहिला. "बेटा, गलती से डाल दिया. मेरी लडकी का कपडा है. उसकी बच्ची हुई है आज." बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. गार्ड गडबडला. "अरे सर, बिल्कुल, आप रोइए मत, मैं लाता हूँ," म्हणत पळाला आणि किल्ली घेऊन आला.

लोकांच्या जुन्या जीन्स, पडदे, शाळेचे गणवेश उपसत अर्जुनराव कोपरापर्यंत पेटीत शिरले. बॅग तळाशी होती. वर त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: 'निरुपयोगी'. ती त्यांनी तिथेच टराटरा फाडली.

वर येऊन बॅग टेबलावर रिकामी केली. अस्तरं, फॉलचे तुकडे, आणि त्यांच्यात एक साधं मलमलीचं कापड. लेस नाही, किनार नाही, चकाकी नाही. टाकताना त्यांनी ते अस्तरच समजलं होतं. आता त्यावरून हात फिरवला तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. ते उठून बाल्कनीच्या दारात गेले आणि कापड उजेडात तिरपं धरलं.

पांढऱ्यावर पांढऱ्याच दोऱ्याने पिंपळाची पानं भरलेली होती. अख्ख्या कापडभर, नखाएवढी, शिरांसकट. जवळ घेऊन बघितल्याशिवाय दिसणारच नाहीत अशी.

मग त्यांना आठवलं. लुंबिनीच्या लग्नाआधी थंडीभर क्रांती रोज संध्याकाळी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून काहीतरी टाचत असायची. ते बातम्या बघायचे. एकदा कधीतरी त्यांनी विचारलं होतं, "काय करतेस?" आणि ती मान वर न करता म्हणाली होती, "डोळे फोडून घेतेय." ते पुन्हा बातम्यांकडे वळले होते. त्यांच्यापासून दोन हातांवर त्यांच्या मुलीची लग्नाची साडी तयार होत होती, महिनोन्महिने, आणि त्यांनी एकदा मान वाकवून पाहिलं नव्हतं. एवढं काम क्रांतीने दुसऱ्या कोणाच्या साडीवर केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. अर्जुनराव बाल्कनीच्या दारातच खाली बसले. आपण लग्नाला गेलो नाही हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं. आपण काय पाहिलं नाही, हे आत्ता कळलं.

बेल वाजली तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात हितेश उभा. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल, खांद्याला बॅग. दोन पावलं मागेच उभा होता, दारातूनच घ्यायचंय हे त्यालाही सांगितलेलं असणार.

"जय भीम, काका."

"जय भीम. आत ये."

तो आत आला आणि थबकला. सोफा, टेबल, जमीन, सगळीकडे पांढरे ढीग आणि त्यांच्यामधून जेमतेम पाय ठेवायला वाट. "काका, हे... मम्मींनी तर एकच गाठोडं सांगितलं होतं."

"होतं. मी सोडलं सगळं. कपाट लावायला गेलो आणि सगळ्यांची लग्नं एकत्र केली." अर्जुनरावांनी त्याच्या हातात मलमल ठेवली. "हे घे. हे तिचं."

हितेशने ते उजेडाला धरलं. पानं दिसली तशी त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू आलं. "हो, हेच. पानं मोजत बसली होती ती लग्नात, भन्तेजी बोलत होते आणि ही मोजत होती." मग त्याने सभोवार नजर टाकली. "पण एवढ्यातून तुम्ही हे कसं ओळखलं?"

क्रांतीने फोनवर खूण सांगितली, असं सांगता आलं असतं. अर्जुनरावांनी तसं तोंडही उघडलं होतं.

"ही बाकीची सगळी लग्नं मी पाहिली आहेत," ते म्हणाले. "हे एकच पाहिलेलं नाही."

वाक्य पुरं होता होता त्यांचा आवाज फुटला. तोंड फिरवावं, असं वाटूनही त्यांनी फिरवलं नाही. जावयासमोर ते तसेच उभे राहून रडले, हात खाली सोडून.

हितेशने ती मलमल नीट घडी घालून परत अर्जुनरावांच्या हातात दिली.

"मग तुम्हीच न्या, काका. खाली गाडी आहे."

"तिने मला बघून तोंड फिरवलं तर?"

"फिरवेलही," हितेश म्हणाला. "तुमचीच मुलगी आहे."

अर्जुनराव चपला घालून तसेच निघाले, घरच्या सदऱ्यावर. दिवे चालू राहिले, कपाट उघडं राहिलं, हॉलभर कापडं पसरलेली राहिली, आणि कुलूप लावायचं हितेशलाच आठवलं.